किटाच्या पॅसेजमधून

बर्लिन, २२ सप्टेंबर २०२४

ती. आई-बाबा,
नमस्कार.

सगळे मजेत आहोत, हे आधी सांगतो. रेवाचा खोकला गेला, ओजसचा खालचा पुढचा दात पडला, मीनलच्या नवीन ऑफिसमध्ये नीट चाललं आहे आणि मी दोन्ही वेळ व्यवस्थित जेवतो. आई, परवा व्हिडिओ कॉलवर तू म्हणाली की तोंड उतरलं आहे, ते तसं काही नाही, खिडकीचा उजेड मागून येत होता म्हणून तसं दिसलं. फोनवर तू विचारते आणि मी हो हो ठीक आहे म्हणून ठेवून देतो, मग तुला वाटते मी काहीतरी लपवून राहिलो. म्हणून लिहून काढतो. यातलं अर्धं रेवाच्या किटाच्या पॅसेजमध्ये बसून मोबाईलवर टाईप केलं आहे, किटा म्हणजे इथलं पाळणाघर अधिक बालवाडी, उरलेलं आज रविवारी, पोरं झोपल्यावर.

आधी ओजसचं. ७ तारखेला शनिवारी त्याची पहिली सुरू झाली, नेमकी गणेश चतुर्थी. सकाळी सहाला उठून स्थापना केली, मूर्ती ओजसनंच मातीची केली होती, मीनलनं तळणीचे मोदक केले, आरती झाली आणि साडेनऊला शाळेच्या हॉलमध्ये. दुसरीच्या पोरांनी गाणी म्हटली, मग एकेकाचं नाव पुकारलं, पोरगं स्टेजवर गेलं की बाई हात धरून वर्गात न्यायच्या. पहिला तास झाला तोपर्यंत आम्ही सगळे आईबाप अंगणात कॉफी पीत उभे. इथं पहिल्या दिवशी पोरांना पुठ्ठ्याचा मोठा शंकू देतात, ७० सेंटिमीटरचा, आत खाऊ, रंग, खेळणी भरून वरून रिबिनीनं तोंड बांधतात, दोनशे वर्षांपासूनची रीत आहे म्हणे. घरी येईपर्यंत उघडायचा नाही. ओजसनं तो दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता आणि मला तान्ह्या पोळ्याचा तो आठवला, बाबा, तुम्ही पाठवलेला लाकडी नंदी असाच धरून चार दिवस आधी आम्ही इथल्या दोन मराठी घरी बोजारा मागायला गेलो होतो. दोन-दोन युरो मिळाले त्याला. अजून डबीत आहेत, खर्च करू देत नाही.

त्याला अजून वाचता येत नाही हे तुम्हाला लागलं आहे, मला माहीत आहे. शेजारच्या काकूंचा नातू केजी टूमध्येच पेपरमधले मथळे वाचते हेही दोनदा ऐकलं. पण इथं अक्षर ओळख पहिलीतच सुरू होते, त्याच्या वर्गात कोणालाच वाचता येत नाही, त्यामुळे तो मागे पडला असं काही नाही. दुपारचं जेवण शाळेतच असते, बर्लिनमध्ये २०१९ पासून सहावीपर्यंतच्या पोरांना फुकट आहे, व्हेजिटेरियनचा पर्याय असतो, तो आम्ही लिहून दिला आहे. त्यामुळे आई, पोरगं थंडा ब्रेड खाऊन राहते ही काळजी सोड. सकाळच्या डब्ब्यात ब्रेड असतो, ते खरं आहे.

आता रेवाचं. हेच तुला पटत नाही आहे ना, की मी धडधाकट माणूस दोन महिने बिनपगारी सुट्टी टाकून पोरीच्या पाळणाघरात जाऊन बसलो. तू फोनवर म्हणाली, "मी एकतीस वर्षं चाळीस-चाळीस लेकरं सांभाळली, मायबाप दाराशी घुटमळले की पोरं जास्त रडतात." आई, तू चूक आहे असं मी म्हणत नाही. नागपुरात महालमधली ती तुझी बालवाडी मला आठवते, जूनच्या शेवटाला शाळा उघडायची, पुण्या-मुंबईकडच्या पोरांचे पंधरा दिवस होऊन जायचे तरी आपल्याकडे उन्हापायी सुट्टीच असायची, आणि मग पहिल्या आठवड्यात सगळा वर्ग एका सुरात रडायचा. तू एकाला कडेवर, एकाला पदराशी, आणि आयांना म्हणायची, "निघा आता, मागं पाहू नका." तुझ्याजवळ दुसरा इलाजच नव्हता, मदतीला एक सेविका.

इथं पद्धतच वेगळी आहे. तिला आइनगेव्योनुंग म्हणतात, म्हणजे सवय लावणं, पण सवय पोरीला लावायची तशी बाईंनाही आणि बापालाही. पहिले तीन दिवस फक्त तासभर जायचं, रोज त्याच वेळेला, आणि मी खोलीच्या एका कोपऱ्यात बसायचं. नुसतं बसायचं. तिच्याशी खेळायचं नाही, जा बेटा तिकडे खेळ असं ढकलायचं नाही, ती आली तर जवळ घ्यायचं, गेली तर जाऊ द्यायचं. मोबाईल नाही, पुस्तक नाही. खुर्ची एवढी छोटी की माझे गुडघे छातीला लागायचे. या तीन दिवसांत तिला सोडून खोलीबाहेर पाऊलसुद्धा टाकायचं नाही. चौथ्या दिवशी पहिल्यांदा बाहेर जाऊन पाहायचं, जास्तीत जास्त अर्धा तास, आणि तो चौथा दिवस जर सोमवार आला तर त्या दिवशीही नाही, कारण मध्ये शनिवार-रविवार गेला, पोरगं पुन्हा घराला चिकटलं असते. बाहेर गेल्यावर ती रडली आणि बाईंनी घेऊनही थांबली नाही, तर दोन-तीन मिनिटांत मला आत बोलावतात आणि मग पुढचे काही दिवस पुन्हा कोपराच. कोणाचं आठवड्यात होते, कोणाला तीन आठवडे लागतात. किंडरगार्टन हा शब्दच फ्रोबेलनं याच देशात १८४० साली काढला, तुझ्या ट्रेनिंगच्या पुस्तकात त्याचं नाव नव्हतं का, पण हे कोपऱ्यात बसायचं त्याचं नाही, हे इथल्या बर्लिनचंच, १९८०च्या दशकातलं.

आणि एक नियम त्यांचा पक्का आहे, चोरून निघायचं नाही. ती खेळण्यात रमली, आता हळूच सटकावं, हे अजिबात चालत नाही. समोर जाऊन सांगायचं, थोडक्यात सांगायचं आणि लगेच निघायचं. रडली तरी सांगूनच.

तर ५ तारखेला गुरुवारी मी उभा राहिलो, तिच्याजवळ गेलो आणि तोंडातून आपोआप निघालं, "रेवा, बाबा येतो हं." आणि गेलो. दार लागलं तसा तिचा आवाज आला. आई, तिचं रडणं मी रोज ऐकतो, पण दाराच्या पलीकडून ते वेगळंच लागते. मी पॅसेजमध्ये पोरांच्या छोट्या रेनकोटांखाली उभा होतो, हे लोक पावसातही पोरांना बाहेर नेतात, चिखलात खेळायच्या रबरी पँटी प्रत्येकाच्या नावाच्या खुंटीवर टांगलेल्या असतात, आणि मी रेवाच्या खुंटीवरची ती पिवळी पँट धरून उभा. दोन मिनिटांत बोलावलं त्यांनी. मला पाहून ती आणखी रडली.

नंतर तिच्या बाई, कात्या नाव त्यांचं, इथं बाईंना नावानंच हाक मारतात, विचारतात, जाताना तुम्ही काय म्हणाले? मी म्हटलं, "येतो" म्हणजे मी येतो आहे. त्या गोंधळल्या. म्हणाल्या, पण तुम्ही तर जात होते. मग मी समजावलं की आमच्याकडे निघताना "जातो" म्हणत नाहीत, ते चांगलं नसते, जाणारा माणूस "येतो" म्हणूनच निघतो. त्यांनी तो शब्द माझ्याकडून चार वेळा म्हणवून घेतला आणि वहीत लिहिला. पुढच्या मंगळवारी मी बाहेर पडलो तर आतून ऐकू आलं, रेवाला कडेवर घेऊन त्या म्हणून राहिल्या होत्या, "बाबा येटो, बाबा येटो."

त्या दिवशी पंधरा मिनिटं झाली. तो १० तारखेचा दिवस, तुझ्याकडे महालक्ष्म्या येत होत्या. मला माहीत आहे तू एकटीनं सोळा भाज्या, पुरण, आंबील सगळं केलं, बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला नाही तर ते किती मदत करणार. फोटो पाहिला. मुखवट्यांच्या मागचा पडदा थोडा तिरपा होता, दर वर्षी तो मीच लावतो म्हणून दिसला.

मग हळूहळू वाढत गेलं, अर्धा तास, तासभर, परवा पहिल्यांदा ती तिथं जेवली. आजीच्या जुन्या लुगड्याची ती छोटी गोधडी आहे ना, ती सोबत नेते, रडू आलं की तिचा तो लाल काठ गालाला घासते, कात्याबाईंनाही कळलं आहे आता, त्या आधी काठच हातात देतात. शुक्रवारी मी खाली वाकून काही म्हणायच्या आधीच तिनं हात हलवला आणि मलाच म्हणाली, "येतो." जसं ऐकते तसं म्हणते, येतो. मी पॅसेजमध्ये येऊन बसलो आणि बराच वेळ टाईप काही झालं नाही.

तेव्हा आजीची आठवण आली. डिसेंबरमध्ये आम्ही साडेतीनला पहाटे निघालो, तिची झोप मोडू नये म्हणून मी तिच्या खोलीचं दार नुसतं लोटून घेतलं. तू नंतर सांगितलं, दोन दिवस ती विचारत होती, बंटी जेवला का, बंटी कुठं गेला. मला वाटलं होतं तिला त्रास नको. यावेळी तिला उठवून, पायावर डोकं ठेवून निघीन, कितीही पहाट असो. तिला सांगशील.

आता पैशाचं. बाबा, काळजी करू नका. नोकरी कुठंही जात नाही, तीन वर्षांखालच्या पोरासाठी बापानं सुट्टी घेतली तर कायद्यानं नोकरी राखून ठेवावी लागते, मी सात आठवडे आधी लेखी दिलं होतं, सगळं रीतसर आहे. पगार मात्र दोन महिने नाही. किटाची फी बर्लिनमध्ये लागत नाही, जेवणाचे फक्त महिन्याला २३ युरो, आणि दोन्ही पोरांचे मिळून सरकारकडून यंदा ५०० युरो येतात, मीनलचा पगार आहेच. तर आमचं भागते. पण फ्लॅटच्या हप्त्यासाठी जे तीस हजार पाठवतो ते ऑक्टोबर आणि नोव्हेंबरला पंधराच येतील. डिसेंबरपासून पुन्हा पूर्ण. हे मी ऑगस्टमध्येच सांगायला पाहिजे होतं, जमलं नाही, तेव्हा बाबांच्या डोळ्याचं चालू होतं. पिंकी म्हणे तिच्या लग्नाच्या लॉनचा अ‍ॅडव्हान्स ती तिच्या पगारातून भरते. ते मला नको आहे. धरमपेठच्या बँकेतली माझी एफडी मोडा, कागदं बाबांच्या कपाटात वरच्या कप्प्यात आहेत, सही लागली तर सांगा.

पितृपक्षात लग्नाचं काढू नको म्हणशील, पण दसऱ्यानंतर तुम्ही पाहुण्यांकडे तारीख पक्की करायला बसाल म्हणून आत्ताच लिहितो. ओजस आता पहिलीत आहे, आधीसारखं मनात आलं की तिकीट काढून निघालो असं होत नाही, इथं शाळा सक्तीची आहे, आत्याचं लग्न म्हणून अर्ज केला तर एक-दोन दिवस मिळतीलही, दोन आठवडे मिळणार नाहीत. फेब्रुवारीत ३ ते ८ शाळेला सुट्टी आहे. त्यात मुहूर्त निघाला तर आम्ही चौघं येतो. पाहुण्यांना फेब्रुवारीचा शेवट सोयीचा आहे हे पिंकीनं सांगितलं मला, त्यांच्या घरी त्यांचीही अडचण आहे, तुम्ही ओढाताण करू नका. तसं झालं तर मी एकटा येईन, पण येईन नक्की, जावयाचा कान पिळायला दुसरं कोणी उभं राहायचं नाही. ओजसला हे अजून सांगितलं नाही. तो शेरवानीचा रंग ठरवून बसला आहे.

आई, एक काम कर. आजीच्या त्याच लुगड्याचा तुकडा उरला असेल तर आणखी एक गोधडी शिवून घे, गोकुळपेठेतल्या त्या मावशी शिवतात ना, काठासकट. एक किटात राहील, एक घरी. आता एकच आहे आणि शुक्रवारी धुवायला आणली की वाळेपर्यंत रेवा मशीनसमोर बसून राहते. बाजारची आणली होती मीनलनं, हातात घेत नाही.

तुमचा,
बंटी