काळी पाचचा सा : अंकलना जाहीर आभारपत्र

प्रिय अंकल,

साष्टांग नमस्कार.

पत्र जाहीर आहे आणि त्यात तुमचं नाव नाही, कारण तशी तुमचीच अट आहे. ‘नाव छापलंस तर परत जिना चढू नकोस,’ असं आंटींच्या देखत बजावलंत. ज्यांना ओळखायचंय ते ओळखतीलच. धोबी तलावापासून माझगावपर्यंत ज्यानं म्हणून ट्रंपेट हातात धरलाय, त्याला तुम्ही कोण हे सांगावं लागत नाही.

लिहायला कारण असं, की मुंबईच्या जॅझवर हल्ली बरंच लिहून येतं आणि ते वाचताना माझं डोकं फिरतं. साचा ठरलेला. १९३५ साली अमेरिकन वादक लिऑन अ‍ॅबी आपला बँड घेऊन ताजमध्ये आला, मग टेडी वेदरफर्ड, क्रिकेट स्मिथ, मग आपला गोवेकर ट्रंपेटवाला चिक चॉकलेट. पुढे चर्चगेट स्ट्रीटवरची गेलॉर्ड, अ‍ॅम्बॅसडर, अ‍ॅस्टोरियातलं व्हेनिस. मग हॉटेलांतली बँडची कामं आटली, सिंथेसायझर आला, संपलं सगळं. तुमच्यासारख्या वादकांचं उरलेलं आयुष्य शेवटच्या एका वाक्यात उरकतात : ‘नंतर ते शिकवण्या करू लागले.’

त्या एका वाक्यात मी आहे, अंकल. माझ्यासारखी निदान तीन पिढ्यांची पोरं आहेत. ते वाक्य जरा सोडवून लिहावं, एवढ्याचसाठी हे पत्र.

आधीचं थोडक्यात सांगतो, कारण त्याच्याविषयी तुम्हाला सगळेच विचारतात. गोव्यातल्या चर्चच्या शाळेत मेस्तनं, म्हणजे तिथल्या संगीतमास्तरनं, छडी घेऊन सोल्फेज, म्हणजे कागदावरचे स्वर नावानं गाणं, घोटून घेतलं. त्या शिदोरीवर तुम्ही मुंबईत आलात, धोबी तलावच्या गावकूडीत, म्हणजे गाववाल्यांच्या सामाईक बिऱ्हाडात, ट्रंकेवर डोकं ठेवून झोपलात. रात्री हॉटेलात वाजवायचं आणि सकाळी ताडदेवच्या नाहीतर वांद्र्याच्या स्टुडिओत रेकॉर्डिंगला हजर व्हायचं. सगळा ताफा एकदम वाजवायचा, एकाचा सूर हलला की टेक पहिल्यापासून. १९७८ चा ‘जॅझ यात्रा’ महोत्सव रंगभवनात झाला तेव्हा सॅक्सोफोनवाल्या सॉनी रोलिन्सला तुम्ही समोर बसून ऐकलंत. तो किस्सा मात्र तुमच्याच तोंडून ऐकावा, मी सांगितला तर त्याची माती होईल.

आता मूळ मुद्दा. मी लालबागचा, वडिलांचा ब्रास बँड. वरातीत आणि विसर्जनात वाजवून वाजवून आमच्याकडचे ट्रंपेटवाले तिशीतच ओठांतून जायचे. रस्त्यावर ढोलाच्या वर आवाज काढायचा तर ट्रंपेट ओठांवर दाबायचा, एवढंच आम्हाला ठाऊक. तुम्ही माझ्या हातातून ट्रंपेट काढून घेतलात आणि नुसता माऊथपीस दिलात. ओठ थरथरव. मग लांब सूर, हळू सुरू होऊन हळू विरणारे. गाल फुगवायचे नाहीत. भिंतीवर अमेरिकेतला नावाजलेला ट्रंपेटवाला डिझी गिलेस्पी याचा फोटो, त्यात त्याचे गाल बेडकासारखे फुगलेले. मी बोट दाखवलं. ‘तो डिझी आहे,’ म्हणालात आणि विषय संपला.

स्वरलिपी वाचायला तुम्ही मला ज्या वाटेनं नेलंत ती कुठल्या पुस्तकात नसावी. माझ्या घरी पेटी होती, त्यामुळे पट्ट्या मला पाठ होत्या. ट्रंपेटवर एकही पिस्टन न दाबता जो सा निघतो तो पेटीवर कुठे सापडतो, असं विचारलंत. शोधला, पाचव्या काळ्या पट्टीवर, म्हणजे काळी पाचला. ‘म्हणजे तुझा सा काळी पाचचा. कागदावर त्यालाच सी म्हणतात. गवई पांढरी एकमध्ये गात असला तर तू एक सूर चढवून लिहायचं.’ काळी पाच म्हणजेच इंग्रजीतला बी फ्लॅट. बी फ्लॅट वाद्य म्हणजे काय, हे लोकांना वर्षभर कळत नाही. मला पेटीपुढे बसल्या बसल्या कळलं.

ब्लूजचंही तसंच. बारा बार, एका बारात चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रा, म्हणजे त्रितालाची तीन आवर्तनं. पहिल्यात ‘सा’वर बसून एक गोष्ट म्हणायची. दुसऱ्यात तीच गोष्ट पुन्हा, पण खालचे कॉर्ड, म्हणजे साथीला एकत्र वाजणारे स्वर, मध्यमावर जाऊन परत येतात. तिसऱ्यात पंचमावरून उतरत घरी यायचं आणि उत्तर द्यायचं. गंधार कोमलही नाही आणि शुद्धही नाही, मधेच कुठेतरी लोंबकळतोय. बँडवाल्याच्या पोराला याहून काय सांगायला हवं होतं? सोलो घ्यायच्या आधी मात्र ट्रंपेट मांडीवरच. ‘पयलीं गाय, मागीर वाजय.’ गाता येत नसेल ते बोटांनी काढायचं नाही. आंटी स्वयंपाकघरातून माझ्या गाण्यावर हसायच्या, तेही शिक्षणातच धरतो.

आर्बनचं सरावाचं पुस्तक तुम्ही मला दिलंत ते खाकी कव्हर घातलेलं, कोपरे झिजलेलं. १८६४ साली पॅरिसात कॉर्नेटसाठी, म्हणजे ट्रंपेटच्या भावंडासाठी, लिहिलेलं ते पुस्तक लालबागच्या चाळीत गॅलरीत बसून वाजवायचो आणि शेजारचे काका खिडकी लावून घ्यायचे. फीचं विचारलं की एकच उत्तर, ‘लग्नसराईनंतर बघू.’ लग्नसराई आली गेली, बघितलं कुणीच नाही.

यापुढचं लिहिताना मला आवरत नाही. वाजवता येणं ही एक गोष्ट, पण तुम्ही मला दुसऱ्यासाठी लिहायला शिकवलंत. वडिलांच्या बँडमध्ये सगळे एकच चाल वाजवायचे, जो तो आपापल्या जोरावर. तुम्ही चार ओळी आखून दिल्यात : दोन ट्रंपेट, क्लॅरिनेट आणि खर्जातलं पितळी युफोनियम. क्लॅरिनेटला चाल दे, ट्रंपेट खाली ठेव, युफोनियमला उलट दिशेनं चालव. चित्रपटातल्या गाण्यात गायिकेच्या मागून जी दुसरी चाल वाहत असते, ज्याला तुम्ही लोक ऑब्लिगेटो म्हणता, तीच. आमच्या युफोनियमवाल्या काकांनी उभ्या जन्मात स्वतःची अशी ओळ वाजवली नव्हती. पहिल्या वरातीनंतर त्यांनी तो कागद परत दिलाच नाही, घडी करून खिशात ठेवला. वडील नंतर महिनाभर सगळ्यांना सांगत होते, ‘पोरानं युफोनियमला काम दिलं.’

तेव्हाच कळलं की तुमच्या धंद्यात लिहिणाऱ्याचं नाव कसं गळतं. सी. रामचंद्रांचं नाव मराठी घराघरांत. त्यांच्याबरोबर काम करणारा चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ, १९५१ च्या ‘अलबेला’त पडद्यावरही दिसतो, तरी किती जणांना माहीत? शंकर-जयकिशनमागे वाद्यमेळ लिहिणारे सेबॅस्टियन डिसूझा, प्यारेलालना शिकवणारे अँथनी गोन्साल्विस, ट्रंपेट वाजवता वाजवता कोंकणी चित्रपट काढणारे फ्रँक फर्नांड. ही नावं मी तुमच्याकडेच पहिल्यांदा ऐकली, तीही त्यांनी केलेल्या एखाद्या जागेच्या निमित्तानं. ‘हे ऐक, इथे सेबॅस्टियनबाबनं व्हायोलिनना काय दिलंय.’ स्वतःची कामं मात्र तुम्ही कधी वाजवून दाखवली नाहीत. कधी विचारलं तर, ‘पैसे मिळाले त्याचे,’ एवढंच.

धंद्यात मी इतरांकडेही गेलो होतो. चांगले वादक होते, पण पिस्टनवर रुमाल टाकून वाजवावं तशी विद्या झाकायचे. त्यांना दोष देत नाही, कामं कमी होत चालली होती. तुमचीही होत होतीच. तरी तुम्ही सगळं उघडं ठेवलंत, हे मला फार उशिरा लक्षात आलं, स्वतः शिकवायला लागल्यावर.

हो, शिकवतो. सोमवारी संध्याकाळी, मंडळाच्या हॉलमध्ये. दोघं बँडवाल्यांची पोरं, एक सातवीतली मुलगी, एक बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ ज्यांचा दम फार चांगला आहे. सगळ्यांना आधी गायला लावतो.

तुमच्या वह्याही उघडल्यात. मागच्या नाताळात ‘रद्दीत देण्यापेक्षा तू ने’ म्हणून दिल्यात त्या. सगळ्या तुमच्या स्वतःच्या चाली, कधीच रेकॉर्ड न झालेल्या, नावाऐवजी डोक्यावर गल्लीचं किंवा बसचं नाव टाकलेल्या. मी त्या एकेक करून स्वच्छ उतरवतोय आणि पोरांसाठी चार ओळींत मांडतोय. नाव तुमचंच घालणार आहे, जिना चढू दिला नाहीत तरी चालेल, खालून हाक मारीन.

एक अडलंय. ‘६५ नंबर’ अशी जी चाल आहे, तिच्या मधल्या भागात सातवा आणि आठवा बार तेलाच्या डागाखाली गेलाय. कॉर्ड दिसतात, चाल दिसत नाही. मी माझ्या मनानं काहीतरी भरलं, तर सातवीतली म्हणाली, ‘हे त्यांचं वाटत नाही.’ बरोबर आहे तिचं. सोमवारी साडेसहाला फोन लावतो. तेवढे दोन बार गाऊन दाखवा.

तुमचा,
लालबागचा बँडवाला