फळ्यावरची खाडी

एडिसन, न्यू जर्सी

चि. मंदार यास अनेक आशीर्वाद.

ताईकडे सुखरूप पोचलो हे तुला फोनवर कळलंच आहे. इस्तंबूलचं मात्र धड सांगता आलं नाही. मी सुरू केलं की बाबा मधेच येऊन कुठली बस किती वाजता होती ते सांगतात. म्हणून हे पत्र.

विमान बदलायला मध्ये १३ तास होते. तू काढून दिलेला ई-व्हिसा हातात होता, तरी बाबांचं म्हणणं, विमानतळावरच आडवं होऊ. मी म्हटलं, तुर्कांनी हे शहर, तेव्हाचं कॉन्स्टँटिनोपल, जिंकलं ते १४५३ साल आठवीच्या वर्गाला २६ वर्षं शिकवलं, आणि आता दारात येऊन बाकावर झोपू?

विमानतळ गावापासून चाळीसेक किलोमीटर लांब. बसने गेलो. आया सोफियात परदेशी पाहुण्यांना आता फक्त वरच्या सज्ज्यात सोडतात, माणशी २५ युरो. बाबांनी तिथल्या तिथे रुपये करून बघितले आणि गप्प झाले. पण वर जायला पायऱ्या नाहीत, वळत जाणारी दगडी चढण आहे, त्यामुळे त्यांच्या गुडघ्यांची काही तक्रार नव्हती. ५३७ साली बांधून झालेली वास्तू. आधी चर्च, मग मशीद, मग संग्रहालय, २०२० पासून पुन्हा मशीद. डोक्यावरून ओढणी घेऊन मी नुसती बघत राहिले.

तिथून मसाल्याच्या बाजारात. दुकानदाराने विचारलं, "हिंदिस्तान?" आम्ही माना डोलावल्या. आपल्या नारळाला ते लोक 'हिंदिस्तान जेविझी' म्हणतात, म्हणजे हिंदुस्थानचा अक्रोड! तुझ्या रत्नागिरीच्या आजीला हे सांगायला हवं होतं. मिऱ्यांच्या ढिगापाशी मात्र मी जरा ओशाळले. तुर्कांनी रस्ते अडवले आणि म्हणून युरोपवाले समुद्राने निघाले, असं मी एका दमात सांगून पुढच्या धड्याला लागायचे. खरं तर व्हेनिसचे व्यापारी १४५३ नंतरही इथे कर भरून व्यापार करतच होते.

मग एमिनोन्यूच्या धक्क्यावरून उस्कुदारची बोट धरली. इस्तंबूलकार्ट, म्हणजे तिथलं बस-बोटीचं प्रवासाचं कार्ड, एकच घेतलं होतं, ते बाबांनी दोनदा टेकवलं आणि आम्ही युरोपातून आशियाला निघालो. या दोन खंडांमधली सामुद्रधुनी म्हणजे बॉस्फरस; नकाशा काढताना माझा बॉस्फरस म्हणजे खडूच्या दोन रेघा. त्या रेघांमधून एवढी मोठी मालवाहू जहाजं जातात हे कधी मनातही आलं नव्हतं.

बोट निघाली तशी डाव्या हाताला गोल्डन हॉर्नची खाडी दिसायला लागली. १४५३ साली शत्रूची जहाजं आत येऊ नयेत म्हणून तिच्या तोंडावर लोखंडी साखळी ताणलेली होती आणि २१ वर्षांच्या तुर्की सुलतानाने, दुसऱ्या मेहमदाने, जहाजं जमिनीवरून ओढत नेऊन आत उतरवली, हे सांगताना मागच्या बाकावरची पोरंसुद्धा जागी व्हायची. आता पलीकडचा गलाट्याचा उतार समोर होता. अरे, केवढा चढ तो! घरावर घरं चढलेली. मी फळ्यावर एक वाकडा बाण काढून मोकळी व्हायचे. साखळी कुठे असेल ते मी बाबांना बोटाने दाखवत होते, तर ते म्हणाले, "बाई, मला परीक्षा नाही." आणि चहा आणायला गेले. कमरेशी निमुळत्या चिमुकल्या पेल्यात कोरा चहा, बशीत साखरेचे दोन खडे. "काढा आहे," म्हणाले, पण दोन प्यायले.

आशियात आम्ही जेमतेम पाऊण तास होतो. धक्क्याजवळ एका टपरीवर बसलो. निघताना बाबांनी आपल्या मराठीतच हाक मारली, "हिशेब!" पोरगा लगेच "हेसाप, हेसाप" म्हणत बिल घेऊन आला. तेव्हापासून आपल्याला तुर्की येते असा त्यांचा समज आहे.

परतताना ट्रॅफिकमध्ये अडकलो, बोर्डिंगला कसेबसे पोचलो. ते तुला बाबा सांगतीलच, रंगवून.

एक काम कर. माळ्यावर निळ्या ट्रंकेत माझ्या टाचणवह्या आहेत. त्यातली आठवी इतिहासाची काढून ठेव, वाळवी लागली नसेल तर. आणि तुळशीला रोज पाणी घाल, आठवण झाली की नव्हे.

तुझी,
आई