रायगड यायच्या आत

प्रिय ताई,

गेल्या शनिवारी माझी 50वी पॅराशूट उडी झाली. तू इथे नव्हतीस, बाबांच्या ऑपरेशनसाठी नागपूरला गेली होतीस. छत्री कवेत गोळा करून हँगरकडे चालत येताना सवयीने तू छत्र्या तपासून भरतेस त्या टेबलाकडे नजर गेली. टेबल झाकलेलं, वरचा दिवा बंद. तेव्हाच ठरवलं की हे पत्र लिहायचं, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहायचं. तोंडावर आभार मानायला गेलं की तू "आधी पॅकिंग उरक" म्हणून विषय संपवतेस. दुसरं कारण असं की आपल्यापैकी कुणीतरी आत्ता आठ-दहा उड्या मारून घरी बसलं असेल, पुन्हा जायचं की नाही या विचारात. तुझ्यासारखी माणसं असतात, शोधली तर सापडतात, हे त्यांना कळायला हवं.

मीही तशीच बसले होते. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या त्या उजाड ड्रॉपझोनच्या, म्हणजे उड्या मारायच्या मैदानाच्या, पार्किंगमध्ये, गाडीत. 11 उड्या झाल्या होत्या. प्रशिक्षक शेजारी धरून उडतात ते टप्पे पार पडले होते, एकटीने उडायची परवानगी होती. अकराव्या उडीत जमीन जवळ आली असं वाटून फ्लेअर, म्हणजे उतरताना वेग मोडायला छत्रीचे ब्रेक ओढणं, फार वरच मारला, धपकन आपटले आणि घोटा मुरगळून दोन महिने घरात काढले. घोटा बरा झाला, धीर परत आला नाही. गाडीची काच खाली करून आईशी फोनवर बोलत होते आणि तू शेजारच्या गाडीतून रिग, म्हणजे पाठीवर चढवायचं छत्रीचं सामान, काढत होतीस. मी फोन ठेवल्यावर म्हणालीस, "साताऱ्याकडची का गं तू?"

त्या दिवशी तू मला विमानात बसवलं नाहीस. हँगरच्या सावलीत बसवून विचारलंस, नक्की कशाची भीती वाटते. मी म्हटलं, छत्री उघडली नाही तर? तू वहीचं पान फाडून माझ्यापुढे ठेवलंस. "उघडली नाही ही एक गोष्ट नाही, ते सगळं सुटं सुटं लिही." मग आपण दोघींनी मिळून लिहिलं. पायलट शूट, म्हणजे मुख्य छत्री ओढून काढणारी छोटी छत्री, हाताशी लागलंच नाही. लागलं, पण छत्रीची पिशवी बाहेर निघाली नाही. दोऱ्यांना पीळ पडला. स्लायडर, म्हणजे छत्री हळूहळू फुलू देणारा कापडाचा तुकडा, वरच अडकला. छत्री फुलली, पण चौकोनी नाही, किंवा वळत नाही, किंवा फ्लेअर घेत नाही. पान भरलं तेव्हा प्रत्येक ओळीसमोर तू उत्तर लिहायला लावलंस. काही ओळींसमोर हातपाय मारून सुटेल असं होतं, काहींसमोर मुख्य छत्री सोडायची आणि रिझर्व्ह, म्हणजे दुसरी राखीव छत्री, उघडायची असं. उत्तर नाही अशी ओळ एकही नव्हती. ताई, ते पान अजून माझ्या लॉगबुकात आहे.

आणि मग गड. उंचीचे आकडे मला कोर्समध्ये तोंडपाठ होते, पण वर हवेत गेल्यावर ते हाताला लागत नव्हते. तू विचारलंस, ट्रेक करतेस ना? विद्यार्थ्याने साधारण 5,500 फुटांवर छत्री उघडायची, म्हणजे कळसूबाई. परवाना मिळाल्यावर कळसूबाईचं काम बदललं: तिथे गट मोडून एकमेकांपासून लांब सरकायचं. नियम सांगतो की नव्या परवानाधारकाने 3,000 फुटांच्या खाली उघडू नये, पण तू म्हणालीस, तिथवर कशाला जायचं, सिंहगड गेला की उघड. आणि 2,500 फूट ही निर्णयाची उंची. डोक्यावरची छत्री चौकोनी आहे का, स्थिर आहे का, हाताला वळते का, हे त्याआधी ठरवायचं, आणि नसेल तर कटअवे, म्हणजे मुख्य छत्री सोडून देणं, आणि मग रिझर्व्ह. रायगड 2,700 फूट. "रायगड यायच्या आत निर्णय," हे वाक्य तू मला किती वेळा म्हणायला लावलंस! 1,000 फुटांच्या खाली मात्र कटअवे करायचाच नाही, रिझर्व्हला फुलायला जागाच उरत नाही, हे तू गडाचं नाव न देता सांगितलंस. गडांची उंची समुद्रापासूनची, आपली उंची उतरायच्या जमिनीपासूनची, म्हणून आल्टिमीटर, म्हणजे उंची दाखवणारं यंत्र, दर वेळी जमिनीवर शून्याला आहे का ते बघायचं, हेही.

आता 29व्या उडीबद्दल. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

स्वतःची रिग नवी नवी होती. रिग चढवताना कुणीतरी माझ्याशी गप्पा मारत होतं आणि मी हसून उत्तरं देत होते. विमानाकडे निघालेल्या रांगेत तू माझ्यासमोर आलीस आणि छातीवरच्या पट्ट्यावर एक बोट ठेवलंस. ओरडली नाहीस. एवढंच म्हणालीस, "हा कसा ओवलाय ते मला समजावून सांग." मी सांगायला लागले आणि अर्ध्यात थांबले. पट्टा बकलमधून गेला होता, पण आडव्या दांडीवरून परत वळवलेला नव्हता. टोक रबरी पट्टीत नीट खोचलेलं, त्यामुळे लांबून सगळं व्यवस्थित दिसत होतं. छत्री उघडतानाच्या हिसक्याला तो पट्टा सरकून सुटला असता, आणि त्याच्याशिवाय माणूस हार्नेसमधून, म्हणजे अंगावरच्या पट्ट्यांतून, बाहेर फेकला जाऊ शकतो. माझे हात गार पडले.

तू मला रांगेतून बाहेर काढलंस, रिग पूर्ण उतरवायला लावलीस आणि शून्यापासून पुन्हा चढवायला लावलीस. तीन रिंगांचे दोन जोड, तीन हँडलं, तीन पट्टे. प्रत्येकाला बोट लावून, मोठ्याने. चढवताना मधेच कुणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून, तो माणूस कितीही मोठा उडीवाला असो. विमान गेलं. "पुढच्याने जाऊ, दिवसभर उडतंय ते," एवढं बोलून तू माझ्या शेजारी वाट बघत बसलीस. तुझी स्वतःची उडी होती त्या विमानात, हे मला संध्याकाळी दुसऱ्याच कुणाकडून कळलं. त्या दिवसापासून मी रिग चढवण्याआधी, विमानात शिरण्याआधी आणि दार उघडण्याआधी अशी तीनदा तपासणी करते. दुसऱ्यांचीही करते. परवा एका नव्या मुलाच्या पायाचा पट्टा पिळलेला दिसला, तर माझ्या तोंडून तुझंच वाक्य निघालं.

रिझर्व्हची गोष्ट लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. अमेरिकेत रिझर्व्ह दर 180 दिवसांनी परवानाधारक रिगरकडून उघडून, तपासून पुन्हा भरून घ्यावी लागते. बहुतेक जण रिग देतात आणि नंतर येऊन घेऊन जातात. तू मला थांबवून घेतलंस. "पाठीवर चढव आणि तूच ओढ. पहिल्यांदा ओढायची वेळ आकाशात येऊ नये." उजवीकडची लाल उशी, म्हणजे मुख्य छत्री सोडायचं हँडल, ओढली, पिवळ्या केबल सरकल्या आणि खांद्यावरच्या रिंगा एकातून एक निसटून मोकळ्या झाल्या. मोठ्या रिंगेवरचा भार पुढच्या दोन रिंगांतून कमी कमी होत एका लहानशा दोरीच्या फाशावर येतो, म्हणून टांगलेल्या माणसाला एका हाताने सोडता येतं, हे मला तेव्हा डोळ्यांनी दिसलं. बिल बूथ यांनी 1970च्या दशकात काढलेली ही युक्ती अजून सगळ्यांच्या खांद्यावर आहे. मग डावीकडचं धातूचं हँडल, रिझर्व्हचं. वाटलं होतं त्याच्या दुप्पट जोर लागला, आणि स्प्रिंगवालं पायलट शूट उसळून जमिनीवर पडलं तेव्हा मी दचकून मागे सरले. तू म्हणालीस, "बघ, किती घाई आहे तिला बाहेर यायची." रिझर्व्हला ‘ती’ म्हणतेस तू नेहमी.

मग कित्येक तास मी तुझ्याकडे बघत होते. एकेक शिवण, एकेक दोरी, कापड उजेडाला धरून. बंद करणारा लूप तू मला हातात दिलास, नाडीएवढा जाड. एएडी नावाची, रिझर्व्ह आपोआप उघडणारी पेटी तोच कापते. सायप्रेस हे असलंच यंत्र 1991 मध्ये जर्मनीहून आलं आणि आज बहुतेकांच्या रिगमध्ये असं काहीतरी असतं: साधारण 750 फुटांवर माणूस अजून वेगाने पडतोय असं दिसलं तर पातं सुटतं, लूप कापला जातो, रिझर्व्ह उघडते. "हे बेशुद्ध पडलीस तर. शुद्धीत असशील तर हात तुझेच," असं तू बजावलंस. शेवटी पिनेवर लाल धागा, शिशाचं सील, आणि कार्डावर तारीख घालून तुझी सही. मी विमानात बसते तेव्हा ती सही माझ्या पाठीवर असते.

छत्री घेतानाही तू मधे पडली नसतीस तर मी चुकले असते. एका विक्रेत्याने सांगितलं होतं की तू हलकी आहेस, 135 चौरस फुटांची घे, लवकर कंटाळणार नाहीस. तू कागदावर हिशेब मांडलास. माझं वजन आणि सगळं सामान मिळून 153 पौंड. 135ची घेतली तर प्रत्येक चौरस फुटावर 1.13 पौंड, 170ची घेतली तर 0.9. नवख्याने एकच्या आत राहावं. आणि हलक्या माणसांना कुणी सांगत नाही ते तू सांगितलंस: लहान छत्रीच्या दोऱ्या आखूड असतात, म्हणून चौरस फुटामागच्या वजनाचा आकडा तेवढाच असला तरी ती जास्त चपळ असते, चुकीला कमी माफ करते. मी 170ची घेतली. किती तरी अपघात उत्तम उघडलेल्या छत्रीखाली होतात, जमिनीजवळ घाईने वळताना. म्हणून तुझा पाठ असा: वाऱ्याच्या दिशेने उतरावं लागलं तर उतर, झुडपांच्या कडेला उतरावं लागलं तर उतर, पण पंख सपाट ठेव, खाली वळू नकोस, पाय जोडून गडगडायला तयार राहा.

सांता आनाचे, म्हणजे इकडचे कोरडे, जोराचे वारे सुटले की काय करायचं याचा आकडाही तू मला घरी बसून लिहायला लावलास, ड्रॉपझोनवर नाही. माझा आकडा ताशी 15 मैल, त्यावर वारा असेल तर उडी नाही. नोव्हेंबरात वर गेल्यावर खालून 19 चा निरोप आला आणि मी विमानातूनच खाली आले. तू धावपट्टीशी उभी होतीस. काही बोलली नाहीस, चहा दिलास.

आईला तू फोनवर काय सांगितलंस ते आई अजून शेजारणींना सांगते. आईला या खेळाबद्दल शीतल महाजन तेवढ्या माहीत: 2004 मध्ये उत्तर ध्रुवावर उडी, 2011 मध्ये पद्मश्री. ती म्हणाली, त्या मोठ्या आहेत, माझी पोर साधी आहे. काही होत नाही हो काकू, असं तू एकदाही म्हणाली नाहीस. तू सांगितलंस की 2023 साली अमेरिकेत सुमारे साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि 10 जण गेले, आणि असे अहवाल तू एकेक करून वाचतेस. मग कॅमेऱ्यापुढे रिझर्व्हचं सील धरलंस. आई बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "तिच्यावर लक्ष ठेवा." तू "ठेवते" म्हणालीस.

37व्या उडीला पीळ पडला. सिंहगड गेल्यावर उघडली, वर बघितलं तर दोऱ्या वेणीसारख्या गुंडाळलेल्या, मान हलवायला जागा नाही. आल्टिमीटर 3,300. मला तुझा आवाज आला असं म्हणणार नाही. वहीतली तिसरी ओळ आली. रायझर, म्हणजे खांद्यापासून दोऱ्यांपर्यंतचे पट्टे, बाजूला ताणले, पिळाच्या उलट पाय झाडले. छत्री मोठी आणि हलकी भरलेली, म्हणून पीळ असूनही सरळ उडत राहिली, गरगरली नाही. एक फेरी, दुसरी, तिसरी. 2,950ला दोऱ्या मोकळ्या. ब्रेक सोडले, दोन्हीकडे वळून बघितलं, एकदा फ्लेअर करून बघितला. रायगड अजून खाली होता. उतरल्यावर गुडघे थरथरत होते आणि मी मोठ्याने रडले, आणि तू माझ्या डोक्यावरून हात फिरवत पहिला प्रश्न विचारलास: "निर्णय कितीला घेतलास?"

पुढच्या पातळीच्या, बी परवान्याचे कागद भरायला घेतलेत, छत्री हाताळायचा कॅनोपी कोर्सही झालाय. माझ्या रिझर्व्हचे 180 दिवस पुढच्या महिन्याच्या 12 तारखेला संपतात. तोवर तू परत येशील असं कळलं. नाहीच आलीस तर मी थांबेन, दुसऱ्या कुणाकडे देणार नाही. बाबांची काळजी घे, घाईने निघू नकोस. आईने साताऱ्याहून कंदी पेढे पाठवलेत, तुझा डबा वेगळा काढून ठेवलाय.

तुझी,
साताऱ्याची