द्वारकेच्या चाचांना, आमच्या मॅटाडोरच्या वायरिंगबद्दल

चाचा, सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही, ही तुमची अट पाळतो. नाशिकच्या द्वारका चौकाच्या आसपास जुन्या डिझेल गाड्या घेऊन येणाऱ्यांना तुम्ही कोण हे कळेलच. पण आमच्या गाडीत तुम्ही नेमकं काय केलंत ते थोड्याच लोकांना माहीत आहे, आणि ते चारचौघांत सांगितल्याशिवाय माझे आभार पुरे होणार नाहीत.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. ते ओझर मिगला, म्हणजे मिग विमानांसाठी 1964 साली उभ्या राहिलेल्या एचएएलच्या (हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या) कारखान्यात, इलेक्ट्रिकलला होते. ऐंशीच्या दशकात त्यांनी एक जुनी बजाज टेम्पो मॅटाडोर व्हॅन घेतली आणि तिचं घर केलं. झोपायच्या फळ्या, ओटा, पाण्याची टाकी, पंप, आणि दोन बॅटऱ्या: एक इंजिनाची, एक घराची. मधे रिले, म्हणजे दोन्हींना आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच. गाडी चालताना दोन्ही चार्ज व्हायच्या, आणि मुक्कामाला रात्रभर दिवे जाळले तरी सकाळी सेल्फ लागायचा. वणीचा गड, भंडारदरा, कोकण, सगळं आम्ही तिच्यातून पाहिलं. अण्णा गेल्यावर ती उभी राहिली ती राहिलीच.

परत बाहेर काढली तेव्हा तिचं वागणं कुणालाच उलगडेना. पंपाचं बटण दाबलं की पंप ढिम्म, आणि मागे टपावरचा लाल दिवा पेटायचा. पार्किंग लाईट लावले की तोच टपावरचा दिवा मंद व्हायचा आणि पॅनेलवर पंपाचा इंडिकेटर मिणमिणायचा. फ्यूज एकही उडालेला नाही. ज्यांना दाखवली त्यांचं उत्तर एकच: सगळं उपटून टाका, नवीन हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, टाकू. त्यांचंही चूक म्हणत नाही, जुन्या वायरमागे वेळ घालवणं कुणाला परवडतं? पण ती अण्णांच्या हातची वायर होती.

तुम्ही आलात आणि पक्कड पिशवीतच ठेवलीत. हातात फक्त टॉर्च आणि ओलं फडकं. फळीमागच्या वायरी पुसता पुसता तुम्हाला त्या पांढऱ्या स्लीव्ह दिसल्या, प्रत्येकीवर बारीक अक्षरात आकडा: 30-2, 58-4, 31-4. विमानात प्रत्येक वायरला नंबर असतो, तीच सवय अण्णांनी गाडीत आणली होती. त्यांची वही हरवलेली, त्यामुळे आम्हाला ते आकडे म्हणजे कोडंच. तुम्ही मात्र रिलेच्या बुडाशी छापलेलं 30 दाखवलंत आणि म्हणालात, ‘तुझ्या बापाने वहीची गरजच ठेवली नाही.’ जर्मन पद्धतीत 30 म्हणजे थेट बॅटरीतून येणारा प्लस, 15 म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा, 58 पार्किंग लाईट आणि 31 म्हणजे अर्थ (अर्थिंग), करंट बॅटरीच्या मायनसला परत नेणारी वायर. पुढचा आकडा त्या गटातल्या वायरचा. तेवढ्यावर अख्खी गाडी वाचता यायला लागली. त्या क्षणी मला काय वाटलं ते तुम्हाला तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून आज लिहितो: अण्णांच्या डोक्यात शिरल्यासारखं वाटलं.

मग 31-4. पंपाचा अर्थ आणि टपावरच्या दिव्याचा अर्थ दोन्ही त्याच एका लगवर, म्हणजे वायरीच्या टोकाच्या, बोल्टने कसायच्या कडीवर. पंप चालू ठेवून तुम्ही मीटरची एक टोचणी बॅटरीच्या मायनसला लावलीत आणि दुसरी त्या लगला. चांगल्या अर्थला तिथे शून्याच्या जवळपास यायला हवं. आले 10 व्होल्टच्या वर. लग स्वच्छ, बोल्ट घट्ट, गंज नाही. पण तो बोल्ट होता फायबरमध्ये, ज्यातून करंट जातच नाही! मधल्या काळात कुणीतरी मागचा सडलेला पत्रा काढून फायबरची शीट बसवली आणि अर्थ इमानदारीने जुन्याच जागी कसला होता. तुम्ही समजावलंत ते मी आता सगळ्यांना सांगतो: ‘सिंहस्थात मोठा रस्ता बंद केला की गाड्या गल्लीबोळातून घुसतात, तसा करंट दुसऱ्या दिव्यातून वाट काढून घरी जातो.’ पंपाचा करंट टपावरच्या दिव्यातून उलटा पार्किंगच्या लाईनीत शिरायचा आणि बाकीच्या दिव्यांमधून बॉडीला पोचायचा. त्या लगपासून चॅसिसपर्यंत एक जाड वायर ओढलीत, आणि पंप पहिल्या झटक्यात फिरला.

एक शॉर्टही होता. त्यासाठी तुम्ही फ्यूजच्या जागी 21 वॉटचा इंडिकेटर बल्ब लावलात. शॉर्ट असेपर्यंत बल्ब भकभक पेटतो, पण पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊ देत नाही, म्हणून वायर जळत नाही आणि फ्यूजही वाया जात नाहीत. हार्नेस हलवत हलवत पुढे जायचं. बल्ब विझला की जागा सापडली. आमची सापडली दाराच्या बिजागरीजवळ. जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाने हे एवढं तरी शिकून घ्यावं.

बाहेरून घेतलेल्या घरगुती 230 व्होल्टच्या बाबतीत मात्र तुम्ही कडक झालात, आणि बरं झालं. बारा व्होल्टला काळी म्हणजे अर्थ, पण घराच्या जुन्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल, आणि दोन्ही एकाच पाईपातून गेलेल्या. अण्णांचं काम असूनही ते तुम्ही तसंच राहू दिलं नाहीत. वेगळा पाईप, हिरवी अर्थ आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) बसेपर्यंत बाहेरचा प्लग लावू दिला नाहीत. त्यांनाही ते पटलं असतं.

पैसे तुम्ही फक्त सामानाचे घेतलेत. संध्याकाळी दुकान बंद करून आलात, आमच्याकडे जेवलात, आणि आईला अण्णांच्या कामाबद्दल जे बोललात ते ती येईल त्याला सांगते. ते बिलात बसत नाही, हे मलाही कळतं.

तुम्ही सांगितलंत तसा डायग्राम काढलाय, अण्णांच्याच आकड्यांनी. एक प्रत फ्यूजबॉक्सच्या झाकणाला आतून लावली, दुसरी तुमच्या दुकानात आणून देतो. फक्त 15-6 चं दुसरं टोक अजून सापडलेलं नाही. ओट्यामागे जाते एवढं नक्की. पुढच्या रविवारी फळी काढून ठेवतो, तुम्ही याल ना?

तुमचा,
मॅटाडोरवाला