बाबांचा रक्तदाब आणि खालची खोली

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की बाबा ‘मला काही झालेले नाही’ म्हणून दुसरेच काही काढतात, आणि आई, तू फोन ठेवल्यावर काळजी करत बसतेस, म्हणून सगळे लिहूनच कळवते आहे. बाबांचा पलंग वरच्या मजल्यावरून खालच्या खोलीत आणायचे दादाने आणि मी ठरवले आहे. शनिवारी दादा माणसे घेऊन येईल आणि त्याच दिवशी बाथरूममध्ये कमोडशेजारी व नळाजवळ धरायला दांडे बसवले जातील. तुम्हाला न विचारता ठरवले याचा राग येईल, हे मी धरून चालले आहे. पण विचारले असते तर उत्तर काय मिळाले असते हे मला ठाऊक आहे, आणि माईआत्याच्या वेळी आपण सगळे त्याच उत्तराची वाट पाहत बसलो होतो.

बाबा, खोली बदलली म्हणजे तुम्ही थकलात असा अर्थ कृपा करून काढू नका. तुमची आरामखुर्ची, वाचायचा दिवा, रेडिओ आणि उशाशी लागणारी ती सगळी पुस्तके तुमच्या आधी खाली पोहोचतील. खिडकी पूर्वेचीच आहे, त्यामुळे सकाळचे वर्तमानपत्र उन्हातच वाचता येईल. वरची खोली जशी आहे तशीच राहील, तिला कोणी हात लावणार नाही.

आता कारण सांगते. दवाखान्यात तुमचा रक्तदाब नेहमी खुर्चीवर बसवून मोजला जातो आणि तो चांगला येतो. पण तुम्हाला बसल्या जागी त्रास होतच नाही, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून मागच्या खेपेस दादाने तुम्हाला पाच मिनिटे निजवून मोजला तेव्हा १४२/८४ आला आणि उभे राहिल्यावर एका मिनिटात १०८/७०. साधारणपणे ९०/६० च्या खाली गेला की लोक रक्तदाब कमी झाला म्हणतात, आणि तुमचा तर तितका खाली गेलाच नव्हता. मात्र उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर तोही रक्तदाब कमी होण्याचाच एक प्रकार धरतात. तुमचा वरचा आकडा ३४ ने उतरला होता.

आपण उभे राहतो तेव्हा अर्धा ते एक लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरते. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना हा उतार लगेच कळतो, मग हृदयाची गती वाढते, पायांतल्या वाहिन्या आवळल्या जातात आणि मेंदूला रक्त कमी पडत नाही. वयामुळे ही व्यवस्था मंदावते, आणि तुमच्यासारखा जुना मधुमेह असेल तर तिच्या नसाही दुबळ्या होऊ शकतात. यात तुमच्या इच्छाशक्तीचा काही संबंध नाही, तेव्हा ‘मनावर घेतले की चक्कर जाते’ हे आता पुरे.

गोळीबद्दल आईने मला सांगितले, तिच्यावर रागावू नका. रक्तदाब उतरतो आहे तर तो उतरवणारी गोळी कशाला, हा तुमचा हिशेब वरवर अगदी बरोबर दिसतो. पण निजल्यावरचे १४२ हे गोळी चालू असतानाचे आहेत, ती आपल्या मनाने बंद केली तर तो आकडा आणखी चढेल, आणि रक्तदाब चढाच राहिला तर उभे राहिल्यावरचा उतारही पुष्कळदा वाढतो. शिवाय दोष त्या एकाच गोळीचा असेल असे नाही. प्रोस्टेटसाठीची तुमची गोळी रक्तवाहिन्या सैल करते आणि लघवी वाढवणारी गोळी शरीरातले पाणी कमी करते. कोणती ठेवायची, कोणती कमी करायची आणि कोणती कोणत्या वेळेला घ्यायची हे डॉक्टरच ठरवतील. सोमवारची वेळ मी घेतली आहे. घरातल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्यायच्या आहेत, ज्या ‘अधूनमधूनच घेतो’ त्यासुद्धा. रक्त कमी आहे का आणि हृदयाचे ठोके नीट पडतात का, हेही ते पाहतील.

आई, चक्कर आली की तू बाबांना मीठ-साखरेचे पाणी देतेस ते मायेपोटी, हे मला कळते. ज्यांचा रक्तदाब नुसताच कमी असतो त्यांना डॉक्टर कधी मीठ वाढवायला सांगतातही. बाबांचा निजल्यावर चढतो आणि त्यांना साखरही आहे, तेव्हा डॉक्टर सांगेपर्यंत ते बंद ठेव. साधे पाणी मात्र दिवसभर थोडे थोडे देत राहा, आणि सकाळी पलंगावरून उठण्याआधी एक मोठा पेला.

सुतार पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली पाऊण वीत उंचीचे ठोकळे लावणार आहे. ते विचित्र दिसेल, पण काढू नका. सपाट निजल्यावर रक्तदाब चढतो, रात्रभर लघवी जास्त होते आणि सकाळी अंगातले पाणी कमी झालेले असते, म्हणून तुम्हाला सकाळीच सर्वांत जास्त गरगरते. उशा वाढवून हे साधत नाही, त्याने मान तेवढी दुखते.

मला टायफॉइड झाला होता तेव्हा पहिल्यांदा अंथरुणातून उठताना तुम्ही मला पलंगाच्या कडेवर बसवून, पाय खाली सोडायला लावून, वीसपर्यंत आकडे मोठ्याने म्हणायला लावले होते. मी चौदावर उभी राहू लागले की तुम्ही पुन्हा एकापासून सुरू करायचात. बाबा, आता तुम्ही मोजायचे आहे आणि चौदावर उठायचे नाही. उठण्याआधी पावले वरखाली हलवा, उभे राहताना मांड्या आवळा, आणि पहिले पाऊल टाकण्याआधी क्षणभर धरून थांबा. रात्री लघवी बसूनच करायची, दिवा लावून. अंघोळीचे पाणी फार कढत नको आणि अंघोळीला स्टूल हवेच. भरपेट जेवणानंतर रक्त पोटाकडे वळते आणि पुढचे दोन तास रक्तदाब उतरू शकतो, म्हणून थोडे थोडे, अधिक वेळा जेवा आणि जेवल्याबरोबर बाहेर पडू नका.

आई, ते कोसळू लागले तर उभे धरून ठेवायचा प्रयत्न करू नकोस, तुला तो भार पेलणार नाही. आहेत तिथेच आडवे कर, पाय उशीवर उंच ठेव, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालू नकोस. मिनिटभरात शुद्ध आली नाही, छातीत दुखले, धाप लागली, बोलणे अडखळले, अंग गार व घामेजलेले झाले किंवा डोक्याला मार लागला, तर आधी रुग्णवाहिका बोलाव आणि मग मला कळव. शौचाला डांबरासारखे काळे झाले तर तेही त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचे.

सोमवारपर्यंत रोज सकाळी पाच मिनिटे निजून आणि मग उभे राहून एका व तीन मिनिटांनी मोजा. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा, हात हृदयाच्या पातळीला हवा आणि मोजताना बोलायचे नाही. बाबा, हे शेवटचे तुमच्यासाठी आहे. आकडे आईने वहीत लिहावेत, कारण तुम्ही लिहिलेत तर ते सगळे १२०/८० येतील.

दादा शनिवारी लवकर येईल, त्याला जिन्यातच अडवू नका.

तुमची,
धाकटी