चोवीस तास उपाशी ठेवा म्हणता, पाणी कुठे ठेवलंय?

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य,

सप्रेम नमस्कार.

धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या कत्तलखान्याला उन्हाळ्याआधी पत्र्याचा निवारा आणि पाण्याचा हौद मिळणार होता. परवा फाटकावर मिळाली ती नोटीस: 'जनावरे २४ तास उपाशी ठेवावीत.'

साहेब, २००१च्या कत्तलखाना नियमांतले २४ तास विश्रांतीचे आहेत, उपासाचे नव्हेत. खातं वाचतं तरी का?

बोकडाचा कडबा-भरडा १२ तास आधी बंद करायचा. तेवढ्यात कोथळा रिकामा होत नाही, पण त्याचा ताण उतरतो. तट्ट कोथळ्याला सुरीचं टोक लागलं की आतला घोळ थेट मांडीच्या मांसावर, आणि नुसत्या पाण्यानं धुतलं तर घाण आणखी पसरते. म्हणून उपास. तो ताणला, वर टेम्पोतली धडपड आली, की अंगातली साखर संपते. मग कापल्यावर मांसात आम्लता चढत नाही. मटण काळपट, चिकट पडतं, लवकर नासतं. पाणी तोडलं तर कातडं सुटत नाही, वजनही घटतं. तास मोजायचे ते शेवटच्या घासापासून, फाटकापासून नव्हे. आठवडी बाजारातून आलेलं जनावर आधीच १०-१२ तासांचं उपाशी असतं. त्यावर तुमचे २४!

(बाजारात व्यापारी वजन फुगवायला खारट भरडा चारून पाणी पाजतो ते वेगळंच. ३० किलोच्या बोकडात ४-५ किलो पोटातला माल धरा. तो आम्ही बोकडाच्या भावानं घेतो. त्यावर नोटीस नाही.)

२००१च्या त्याच नियमांत जनावरांच्या डॉक्टरांनी तासाला १२, दिवसाला ९६ जनावरांपलीकडे तपासू नयेत असं आहे. विश्रांतीला लहान जनावरामागे १.६ चौरस मीटर जागा. ९६ना झाले जवळपास १५४ चौरस मीटर. आमच्याकडे सावलीला एक कडुलिंबाचं झाड आहे, त्यावरही रस्ता रुंदीकरणाची खूण पडलीय.

हौद मागितला की नगरपालिका तुमच्याकडे बोट दाखवते, तुमचं खातं नगरविकासकडे. मटण नासलं की मात्र अन्न व औषधवाल्यांना आमचा पत्ता बरोबर सापडतो. जिल्ह्याचं नाव बदलायला सगळी खाती एका टेबलावर बसली. उस्मानाबादी शेळीच्या घोटभर पाण्याला कुणालाच सवड नाही.

नोटीस दुरुस्त करा: चारा १२ तास बंद, पाणी चालू, वेळ शेवटच्या चाऱ्यापासून. आणि टँकर पाठवाल तर आधी हौद बांधा, नाहीतर पाणी ओतायचं कशात?

आपले,
मटणविक्रेते