‘गेमिंग पीसी सेट – १ नग’

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ऐंशी हजारांत बसणाऱ्या गेमिंग कॉम्प्युटरची यादी आली होती. प्रोसेसरवर सात ओळी, ग्राफिक्स कार्डावर बारा, कीबोर्डातल्या रंगीत दिव्यांवरसुद्धा तीन. आणि तळाला एकच ओळ : ‘इतर – कॅबिनेट, एसएमपीएस वगैरे’. हे पत्र त्या ‘वगैरे’बद्दल आहे, त्यातही एसएमपीएसबद्दल, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या पेटीबद्दल.

मी पिठाची गिरणी चालवते. सासऱ्यांनी टाकलेली, मिस्टर गेल्यापासून बारा वर्षं माझ्या हातात आहे. दोन चक्क्या, दहा एचपीची मोटर. कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नव्हतं, पण मोटरच्या पाटीवर काय लिहिलेलं असतं आणि आत काय असतं, ते मला चांगलं कळतं. एकदा तांब्याच्या वाइंडिंगच्या भावात अ‍ॅल्युमिनियमची मोटर गळ्यात पडली होती, दोन उन्हाळे काढले नाहीत तिने. तेव्हापासून कुठलंही मशीन मी आधी उचलून बघते.

लेक पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने शिकवण्या घेऊन चाळीसेक हजार जमवले, बाकीचे मी भिशीतून घातले. शेजारणी म्हणाल्या, गेमिंगवर तर सरकारने बंदी आणली ना? तो २०२५ चा कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांसाठी आहे, हे प्रत्येकीला वेगवेगळं समजावलं. त्यातल्या दोघींचं समाधान अजून झालेलं नाही.

यादी लेकीने केली आणि महिनाभर दळणाच्या वेळी ती माझ्यासमोर वाचली. मी प्रश्न विचारायचे, ती चिडायची. पण त्या प्रश्नांतून काही गोष्टी बदलल्या. प्रोसेसर आधी तिला रायझन ५, ५६०० घ्यायचा होता, स्वस्त पडत होता. मी विचारलं, पुढे मोठा टाकायचा झाला तर याच मदरबोर्डावर बसेल? तर ते एएम४ सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची खाच, जुनी. कंपनीचं लक्ष आता तिथे राहिलेलं नाही. त्याच्या पुढचा रायझन ५, ७६०० ज्यावर बसतो ते एएम५ सॉकेट २०२२ साली आलं आणि हे प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीने ते २०२७ पर्यंत तरी चालवू असं सांगितलंय. पुली तीच राहणार असेल तर मोटर नंतर बदलता येते. उलटं केलं की सगळंच काढावं लागतं. मग ७६००च ठरला. त्यात एक ७५००एफ म्हणून भाऊ आहे, थोडा स्वस्त, पण नावात ‘एफ’ आलं की आतलं छोटं ग्राफिक्स नसतं. मी म्हटलं, एक चक्की बंद पडली तरी दुसरी चालली पाहिजे. ‘एफ’ नको. हे पुढे किती कामाला आलं ते सांगतेच.

ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०६०. आठ जीबी मेमरीचं आहे आणि नव्या खेळांना ते अपुरं पडायला लागलंय, हे लेकीला माहीत होतं. सोळा जीबीचं रेडिऑन ९०६० एक्सटी तिच्या मनात होतं, पण ते खिशात बसेना. पडदा साधा फुल एचडी घ्यायचा म्हणून आठवर भागवलं.

रॅमने मात्र रडवलं. दसऱ्याला भाव काढून आणला होता. पैसे पूर्ण जमून डिसेंबरात दुकानात गेलो तर तीच रॅम दुपटीच्या वर. दुकानदाराने हात वर केले, आणि त्यात त्याची काही लबाडी नव्हती. एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरीच्या चिपा उचलल्या जातायत. ज्या मायक्रॉन कंपनीची ‘क्रुशियल’ नावाची रॅम आपण घ्यायचो, तिने तर त्याच महिन्यात हा किरकोळ ग्राहकाचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अकोल्यातल्या पोरीच्या रॅमचा भाव जगाच्या दुसऱ्या टोकाला ठरतो. कापसाचं तरी काय वेगळं आहे म्हणा.

तर सामान एका दुकानातून एकगठ्ठा घेतलं. नाव लिहीत नाही. कागदावर हाताने लिहून दिलं होतं : ‘१६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी, ५०० एसएमपीएस’. कंपनी कुठलीच नाही. लेक म्हणाली, आई, हे बरोबर नाही. मी म्हटलं, ओळखीचा माणूस आहे. ही चूक माझी.

जोडून घरी आणून दिलं तेव्हा लेक कॉलेजात होती. दुकानातल्या पोराने मॉनिटरची वायर कार्डाला न लावता बोर्डाला लावली आणि चहा पिऊन गेला. म्हणजे तीस हजारांचं कार्ड आत नुसतं बसलेलं आणि पडदा चालतोय प्रोसेसरमधल्या चिमुकल्या ग्राफिक्सवर. लेकीने आल्या आल्या मागची बाजू बघून कपाळाला हात लावला. झाकण उघडलं तर रॅमही आठ-आठच्या दोन पट्ट्यांऐवजी सोळाची एकच. दोन पट्ट्या असल्या की दोन वाटांनी माल येतो, एकीने निम्मी वाट बंद. ‘पुढे दुसरी टाकता येईल की,’ हे दुकानदाराचं उत्तर. कोणत्या भावाने, ते त्यालाच माहीत.

खरं दुखणं तिसऱ्या दिवशी सुरू झालं. अभ्यास चालायचा, व्हिडिओ चालायचे. खेळ लावला की पाच-सात मिनिटांत लाइट गेल्यासारखा खट्‌कन बंद आणि आपोआप परत सुरू. दुकानात फोन केला. पहिल्यांदा सांगितलं, विंडोज नवीन टाका. टाकलं. मग सांगितलं, गरम होत असेल. डिसेंबरात? तिसऱ्यांदा म्हणाले, ‘काकू, तुमच्या घरचा करंट खराब आहे.’ मी म्हटलं, भाऊ, माझ्या घरचा करंट दहा एचपीची मोटर ओढतो. (मोटरचं कनेक्शन वेगळं, थ्री फेजचं आहे. पण रागात तेवढं चालतं.)

त्या रात्री गिरणी बंद केल्यावर आम्ही दोघी बसलो. आधी कार्ड काढलं, मॉनिटर बोर्डाला जोडला आणि प्रोसेसर तासभर पूर्ण ताणून चालवला. बंद पडला नाही. ‘एफ’वाला घेतला असता तर ही परीक्षाच घेता आली नसती. मग कार्ड परत लावताना माझं लक्ष त्याच्या वायरीकडे गेलं. कार्डाला आठ पिनांची वायर लागते. एसएमपीएसला ती नव्हतीच. जुन्या पद्धतीच्या चार पिनांच्या दोन वायरी एका कन्व्हर्टरने एकत्र करून काम भागवलं होतं. पुन्हा खेळ लावून दोन मिनिटांनी मी त्या कन्व्हर्टरला बोट लावलं. कोमट नव्हे, गरम. गिरणीत स्टार्टरजवळची वायर अशी लागली की मी दळण थांबवते.

मग एसएमपीएस स्क्रू काढून बाहेर घेतला आणि सवयीने दळणाच्या काट्यावर ठेवला. ८४० ग्रॅम. वजन म्हणजे पुरावा नव्हे, पण ज्याच्या आत ट्रान्सफॉर्मर, गुंडाळ्या आणि कपॅसिटर असायला हवेत ती पेटी किलोभर पोह्यांपेक्षा हलकी असेल तर पाटी वाचावी. पाटीवर ‘५००’ हा आकडा अंगठ्याएवढा होता, पण पुढे वॉट लिहिलेलं नव्हतं. ते मॉडेलचं नाव होतं! खाली बारीक अक्षरात तक्ता. त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अ‍ॅम्पियर.

हा गुणाकार प्रत्येक आईबापाला येतो. बारा गुणिले अठरा, दोनशे सोळा वॉट. कॉम्प्युटरमधली जड कामं, म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर, याच १२ व्होल्टवर चालतात. कार्डाचे १४५. प्रोसेसरच्या डब्यावर ६५ असले तरी जोरात असताना तो ८८ पर्यंत जातो. झाले २३३. पंखे आणि बोर्डाचं इतर काम अजून धरलंच नाही. शिवाय कार्ड क्षणभरासाठी उसळी मारून जास्त ओढतं, आमची मोटर सुरू होताना ओढते तसंच. ५०६०साठी ते बनवणाऱ्या एनव्हिडियानेच ५५० वॉटचा एसएमपीएस सांगितलेला आहे. आमचा बिचारा नुसता बंद पडत होता, हे नशीब. असली पेटी जाताना बरोबर तीस हजारांचं कार्डही नेऊ शकते.

दुकानदाराचं म्हणणं, ‘काकू, सगळे हाच नेतात, कुणाची तक्रार नाही.’ मी बिल काढलं. त्यावर एकच ओळ : ‘गेमिंग पीसी सेट – १ नग’ आणि १८ टक्के जीएसटी. कोणता प्रोसेसर, कोणतं कार्ड, कोणता सीरियल नंबर, काही नाही. डबे मागितले तर म्हणे फेकून दिले. डबाबंद प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. सुटा, ज्याला बाजारात ‘ट्रे’ म्हणतात, तो घेतला तर दुकानदार देईल तेवढीच. माझा कोणता, हे त्या बिलावरून मला कसं कळणार? मी तिथेच उभं राहून लेकीला म्हटलं, ग्राहक हेल्पलाइनचा नंबर काय गं? ती म्हणाली, १९१५. एवढ्यावर माळ्यावरून दोन डबे खाली आले. कार्डाचा आणि प्रोसेसरचा, दोन्ही धडधाकट.

नवं बिल मिळालं, प्रत्येक वस्तू वेगळी, पुढे सीरियल नंबर. रॅमही बदलून दोन पट्ट्या दिल्या. एसएमपीएसचे मात्र मला फरकाचे पैसे भरावे लागले. नवा घेतला ५५० वॉटचा, १२ व्होल्टला ४५ अ‍ॅम्पियर, कार्डाची आठ पिनांची वायर स्वतःची, पाच वर्षांची वॉरंटी. ४,८०० रुपये. काट्यावर एक किलो सातशे भरला. जुना परत घेताना त्याचे ६०० धरले. पाऊण लाखाच्या मशीनला सहाशे रुपयांचं काळीज लावलं होतं. त्या दिवसापासून एकदाही बंद पडलेला नाही.

आता माझ्या घरचंही सांगते, नाहीतर एकतर्फी होईल. नवा एसएमपीएस लावल्यावरही कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या यायच्या. तो दोष दुकानाचा नव्हता. वरच्या खोलीतल्या प्लगला अर्थिंगची वायरच जोडलेली नव्हती. तिसरं भोक नुसतं शोभेचं. एसएमपीएसच्या आतला फिल्टर थोडा करंट पत्र्याकडे सोडतो, त्याने अर्थिंगमधून जमिनीत जावं अशी योजना असते. वाट नसली की तो पत्र्यातच वाट बघत बसतो. वायरमन बोलावला, तीनशे रुपये आणि दोन तास. बारा वर्षं मी खाली मोटरचं अर्थिंग पावसाळ्याआधी तपासते आणि वर पोरीच्या खोलीत हे असं.

यूपीएसबद्दल एवढंच, की ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हे. नेहमीच्या बाजारातला तो ३६० वॉटच्या आसपास देतो. खेळ चालू असताना लाइट गेली तर सेव्ह करून बंद करण्यापुरताच.

कॅबिनेटही वगैरे नाही. दुकानात समोरून काच असलेले दिवेवाले डबे मांडलेले असतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. खोलीच चाळिशीत असेल तर आतला पंखा तीच हवा आत घेणार, थंड कुठून आणणार? वर काचेने तिचीही वाट अडवायची. समोरून जाळी असलेला घ्या. आमच्या घरात तर पिठाची धूळ जिन्याने वर येते. जाळीमागचं फिल्टर लेक दर रविवारी काढते आणि चक्की झाडायच्या ब्रशने साफ करते. पहिल्या आठवड्यात त्यातून जे निघालं त्याची एक पोळी झाली असती.

तर आपल्याला विनंती दोनच. पुढच्या वेळी यादी छापाल तेव्हा एसएमपीएसला वेगळी ओळ द्या आणि त्यात १२ व्होल्टला किती अ‍ॅम्पियर हे लिहा. कार्डाच्या बारा ओळींतल्या दोन कमी केल्या तरी चालतील. एसएमपीएसवरचे ब्राँझ, गोल्ड हे शिक्के छापा, पण ते वीज किती वाया जाते एवढंच सांगतात, हेही जोडीला छापा. आणि वाचकांना सांगा की बिलावर प्रत्येक वस्तूचं नाव, मॉडेल आणि सीरियल नंबर घेतल्याशिवाय पैसे मोजू नका, डबे घरी आणा. कीबोर्डाचे दिवे आमचे आम्ही बघून घेऊ.

आपली नियमित वाचक,
एक गिरणीवाली, डाबकी रोड, अकोला

ता. क. : नाव छापू नये. त्या दुकानदाराच्या घरचं दळण माझ्याकडेच येतं.